गुडघ्यांची साडेसाती

'उंच माणसाला काय, कुठलीही मोटारसायकल चालते,' हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारले त्याची उंची साडेपाच फुटांच्या आत असली पाहिजे. दुसऱ्याच्या पायांच्या लांबीबद्दल इतक्या ठामपणे फक्त आखूड पायांचा माणूसच बोलू शकतो. मी सहा फूट तीन इंच आहे. ही माझी फुशारकी नव्हे, तक्रार आहे. उंची म्हणजे भांडवल, अशी आपल्या समाजाची एक भाबडी समजूत आहे. वास्तविक वाणिज्य शाखेचा पदवीधर या नात्याने मी सांगतो, उंची ही ताळेबंदाच्या देणी बाजूलाच मांडायला हवी. माळ्यावरची पातेली काढायला मी. तोरण बांधायला मी. पंख्याची पाती पुसायला मी. लग्नातल्या ग्रुप फोटोत 'तुम्ही जरा मागे व्हा' हे ऐकून घ्यायलाही मीच. एस.टी.त पुढच्या सीटवरच्या प्रवाशाच्या पाठीत माझे गुडघे रुततात आणि तो दर पाच मिनिटांनी मागे वळून माझ्याकडे असा बघतो, की जणू ते मी घरून मुद्दाम बरोबर आणले आहेत.

हे सगळे मी सोसले. पण मोटारसायकलच्या बाबतीत मी आता गप्प बसणार नाही. त्यातही कॅफे रेसर नावाच्या मोटारसायकलच्या बाबतीत तर मुळीच नाही.

कॅफे रेसर म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. आपल्याकडे कॅफे म्हटला की इराणी डोळ्यांपुढे येतो. संगमरवरी टेबल, ब्रून-मस्का आणि एका चहावर दीड तास बसलेले गिऱ्हाईक. तिथे आणि शर्यत? पण ही वस्तू इराण्याची नव्हे, इंग्रजाची. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर एस कॅफे नावाचा एक चहा-नाश्त्याचा अड्डा १९३८ साली निघाला. महायुद्धात त्याच्यावर बाँब पडला, १९४९ साली तो पुन्हा उभा राहिला, १९६९ साली बंद पडला आणि २००१ साली परत उघडला. आपल्याकडचे सहकारी कारखानेदेखील इतक्या वेळा उघडझाप करत नाहीत. पन्नास-साठच्या दशकांत असल्या अड्ड्यांवर तिथली तरुण पोरे मोटारसायकली घेऊन जमत. गाडीवरचे जे जे अनावश्यक ते ते काढून टाकायचे, हँडल खाली आणायचे, पाय ठेवायचे दांडे मागे सरकवायचे, मागे उंचवटा असलेली एकाच माणसापुरती सीट बसवायची आणि टाकीवर पालथे पडून ताशी १०० मैल, म्हणजे आपले १६० किलोमीटर, गाठायचे. असे सांगतात, की कॅफेतल्या गाण्याच्या यंत्रात नाणे टाकायचे, गाडी काढायची, ठरलेल्या ठिकाणाला वळसा घालायचा आणि गाणे संपायच्या आत परत यायचे, अशी ती शर्यत असे.

यातला मुद्दा नीट लक्षात घ्या. ही बैठक एका गाण्यापुरती आहे. तीन मिनिटे माणूस कसाही बसू शकतो. तीन मिनिटे मी शीर्षासनही करीन. पण मी राहतो शनिशिंगणापुरात आणि माझी शाखा आहे अहिल्यानगरात, ज्याला आम्ही बोलताना अजून नगरच म्हणतो. घोडेगावच्या फाट्यावरून हायवेला लागायचे आणि एकूण ३५-४० किलोमीटर तुडवायचे. सकाळी जाणे, संध्याकाळी येणे. इतके लांब गाणे फक्त आमच्या भजनी मंडळालाच येते.

आता या बैठकीत सहा फूट तीन इंचांचा माणूस घालून बघा. हँडल खाली, म्हणून कंबरेत वाकायचे. दांडे वर आणि मागे, म्हणून गुडघे मुडपायचे. समोरचे दिसायला हवे, म्हणून मान वर करायची. साष्टांग नमस्कार घालता घालता कोणी हाक मारली तर माणूस जसा दिसेल, तसा मी या गाडीवर दिसतो. शिवाय माझे गुडघे टाकीच्या खाचेत बसायचे सोडून टाकीच्या वर येतात. लांबून पाहणाऱ्याला वाटते, कोणी घडीची खुर्ची मोटारसायकलला बांधून नेतो आहे.

ही तक्रार घेऊन मी एका शोरूममध्ये गेलो. टाय लावलेला एक पोरगा धावत आला. म्हणाला, "सर, बसून बघा ना. तुमचे पाय एकदम आरामात टेकतील."

"ते टेकणारच," मी म्हणालो.

"नाही सर, बऱ्याच लोकांना प्रॉब्लेम येतो. सीटची उंची बघा, इथं छापलीय."

"बाबा रे, जमिनीला पाय टेकणं ही माझी अडचण कधीच नव्हती. पाय उचलल्यावर ते ठेवायचे कुठं, ही आहे."

त्याने माझ्याकडे, मग माझ्या पायांकडे आणि मग माहितीपत्रकाकडे पाहिले. माहितीपत्रकात उत्तर नव्हते. असणारही नव्हते. त्यात इंजिन किती सीसी, टाकी किती लिटर, वजन किती किलो, जमिनीपासून सीट किती मिलिमीटर हे सगळे असते. पण सीटपासून फूटरेस्ट किती, सीटपासून हँडल किती, हे नसते. आणि उंच माणसाची सारी फिर्याद या दोन आकड्यांत आहे! बसण्याची जागा, पाय ठेवण्याची जागा आणि हात ठेवण्याची जागा, असा हा त्रिकोण असतो. सीटची उंची सांगते ती माणूस थांबलेला असतानाची गोष्ट. तो चालू लागला म्हणजे त्रिकोण सुरू होतो. सीट आणि फूटरेस्ट यांच्यात अंतर कमी, की गुडघा जास्त मुडपलाच म्हणून समजा. मग ती सीट जमिनीपासून हातभर उंच असो नाहीतर माडीवर असो.

माझा शिंपी साध्या पँटीसाठी माझी सात मापे घेतो. कंबर, सीट, मांडी, गुडघा, मोहरी, उंची आणि आतली उंची. वर विचारतो, "साहेब, बसताना ओढल्यासारखं होतं का?" शिलाईचे काही शे रुपये घेणारा माणूस एवढी चौकशी करतो आणि दोन-तीन लाख घेणारा माणूस मला फक्त माझा आवडता रंग विचारतो!

शिंप्याचे सोडा. आमच्या जवळ घोडेगावला जनावरांचा बाजार भरतो. तिथे बैल घेणारा शेतकरी बघा. तो बैलाचे दात बघतो, खूर बघतो, वशिंड बघतो, त्याला चालवून बघतो आणि मुख्य म्हणजे घरी जो बैल आहे त्याच्या उंचीला हा जुळतो का ते बघतो. जोडीत एक उंच आणि एक ठेंगणा असला की जू तिरपे होते आणि दोघांच्याही खांद्यांना सूज येते, हे त्याला कोणत्याही माहितीपत्रकाने सांगितलेले नाही. बैलाच्या खांद्याचा एवढा विचार करणारा हाच शेतकरी आपल्या पदवीधर मुलाला मोटारसायकल घेऊन देताना मात्र म्हणतो, "लाल घे, उठून दिसंल."

आणि आम्ही बँकवाले तरी काय शहाणे? वाहनकर्जाच्या अर्जात आम्ही पगार विचारतो, जामीनदार विचारतो, वडिलांचे नाव विचारतो. गाडीवर जो बसणार त्याची उंची विचारणारा रकाना मी तरी अजून पाहिलेला नाही. हप्ते वेळेवर यावेत म्हणून कर्जदाराचा गुडघा शाबूत हवा, हा साधा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही.

आता कोणी म्हणेल, की हा माणूस कॅफे रेसरचा दुष्मन दिसतो. मुळीच नाही. मला ती गाडी आवडते. तिची लांब टाकी, तो गोल दिवा, ती उघडी यंत्रसामग्री. देखण्या वस्तूला देखणी म्हणायला मला लाज वाटत नाही. माझे भांडण गाडीशी नाही, 'बसतंय की, होईल सवय' म्हणणाऱ्यांशी आहे.

शिवाय ही गाडी आता परदेशी राहिलेली नाही. ज्या ट्रायम्फ कंपनीची इंजिने नॉर्टनच्या सांगाड्यात बसवून ती इंग्रज पोरे 'ट्रायटन' नावाची गाडी घडवत, त्याच ट्रायम्फची थ्रक्स्टन ४०० ही कॅफे रेसर २०२५ साली आली आणि ती बनली कुठे, तर आपल्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात! बाजारात आली तेव्हा किंमत पावणेतीन लाखांच्या घरात आणि सीटची उंची ७९५ मिलिमीटर. तिच्या घरातलीच तिची थोरली बहीण स्पीड ४००. ही २०२३ साली आली. इंजिन तेच, पण हँडल वर आणि दांडे पुढे. आणि त्याच वर्षी आलेली तिसरी बहीण स्क्रॅम्बलर ४०० एक्स, सीट ८३५ मिलिमीटर. म्हणजे एकाच घरात एक वाकलेली, एक ताठ आणि एक उंच. मुलगी बघायला गेल्यावर तिन्ही बहिणी नजरेस पडाव्यात आणि आपण मात्र फोटोत जी दिसली तिच्यासाठीच हट्ट धरावा, असे होते आपले.

रॉयल एनफील्डचेही तसेच. त्यांची काँटिनेंटल जीटी साठच्या दशकात निघाली तेव्हा २५० सीसीची होती. २०१३ साली ती ५३५ सीसीची होऊन परतली आणि २०१८ साली ६५० ची झाली. तिच्या जोडीला आली इंटरसेप्टर. दोघींचे इंजिन एक, सांगाड्याची जात एक. पण जीटीचे हँडल खाली आणि दांडे मागे, तर इंटरसेप्टरचे हँडल रुंद आणि वर, दांडे पुढे, सीट लांब आणि सपाट. वाकायचे की ताठ बसायचे एवढाच प्रश्न. गाडीत फरक हातभराचा, पण मणक्यात फरक जन्माचा.

आणि अंगाच्या मानाने लहान गाडी उंच माणसाला काय करते, ते आमच्या आधीच्या पिढीने पाहिलेले आहे. १९७३ साली 'बॉबी' चित्रपट आला आणि राजदूत जीटीएस १७५ या इवल्याशा मोटारसायकलला लोक 'बॉबी'च म्हणू लागले. ऋषी कपूरला ती शोभली. पण तिच्यावर सहा फुटी माणूस बसला की सर्कशीतले अस्वल आणि त्याची सायकल यांची आठवण होई. टाळ्या मात्र अस्वलाला पडत.

माझ्या मेहुण्याचे मत याहून निराळे आहे. तो म्हणाला, "दाजी, नवी कशाला घेताय? जुनी बुलेट घ्या, माझ्या ओळखीचा मिस्त्री आहे. सांगाडा कापतो, हँडल खाली करतो, तुमच्या मापाची कॅफे रेसर करून देतो." मेहुणे मंडळींच्या ओळखीचे मिस्त्री हा एक स्वतंत्र विषय आहे. पण मोटार वाहन कायदा, १९८८, त्याचे कलम ५२ नावाची एक गोष्ट आहे. नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या आणि कंपनीने घडवलेल्या गाडीच्या मूळ घडणीत वाटेल तसा बदल करता येत नाही, असे ते कलम सांगते आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावले. सीटमध्ये चार बोटे जाड स्पंज घालून घेणे वेगळे आणि गाडीचे हाड कापून पुन्हा सांधणे वेगळे. त्या सांध्यावर ताशी ऐंशीने जाणारा देह माझा असणार, मिस्त्रीचा नव्हे. मेहुण्याचाही नव्हे.

आता हिशेबाचे बोलू, कारण तो माझा धंदा आहे. गाडी घेतली की दर वर्षी तिच्यावर घसारा धरायचा असतो, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. पण चुकीच्या गाडीवर खरा घसारा गुडघ्यावर बसतो आणि तो कोणी पुस्तकात धरत नाही. गाडीची घसारा वजा किंमत उतरली तरी ती मोडीत विकता येते. गुडघ्याला पुनर्विक्रीचे मूल्य शून्य. बदलून घ्यायचा म्हटला तर नवा गुडघा एखाद्या कॅफे रेसरच्या भावात पडतो आणि त्याला गिअर नसतात. कर्जाचे हप्ते तीन-पाच वर्षांत फिटतात. शनीची साडेसातीही साडेसात वर्षांत उतरते. कंबरेची साडेसाती लागली, तर तिला मुदत नाही.

शनीचा विषय निघालाच आहे, तर आमच्या गावाबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. शनी म्हणजे शनैश्चर, सावकाश चालणारा. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला साडेएकोणतीस वर्षे लागतात. अशा देवाच्या गावात राहून मी वेगवान गाडीवर लिहितो आहे, हे त्याने उदारपणे चालवून घेतले आहे. आमच्या गावाची कीर्ती म्हणजे घरांना दारे नाहीत. चौकटी आहेत, पण दारे-कड्या-कुलपे नाहीत. फार तर कुत्रे आत येऊ नये म्हणून फळी आडवी लावायची. २०११ साली युको बँकेने इथे शाखा उघडली, तीसुद्धा कुलपाशिवाय. साऱ्या देशातल्या बँकांत त्याचे कोण कौतुक झाले! पण माझ्या लेखी आमच्या गावचे खरे मोठेपण दाराचे नाही, छपराचे आहे.

आमचा देव पाच फूट नऊ इंचांची काळी शिळा. पुरात वाहत आलेली, असे जुने लोक सांगतात. आणि ती उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. वर कळस नाही, गाभारा नाही. आख्यायिका अशी, की देवाने स्वप्नात येऊन सांगितले, आभाळ हेच माझे छप्पर, मला दुसरे नको. गावाने ते ऐकले. कोणी म्हणाले नाही, की देवा, गाभारा तयार मिळतोय, जरा वाकून बसा, होईल सवय. देवाला जे बसत नव्हते ते गावाने देवावर लादले नाही. उन्हापावसात, तेलाच्या धारेत तो ताठ उभा आहे. जे शहाणपण एका खेड्याने देवाच्या बाबतीत दाखवले, ते शोरूमवाल्याने गिऱ्हाइकाच्या बाबतीत दाखवावे, एवढेच माझे मागणे आहे.

आणि ही केवळ सुखसोयीची गोष्ट नाही, हे गंभीरपणे सांगतो. हिवाळ्यात आमच्या भागात या. ऊसतोड सुरू असते. सोनईच्या मुळा कारखान्याकडे निघालेल्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ताभर. अंधार पडला की कित्येक ट्रॉल्यांच्या मागे ना दिवा, ना लाल पट्टी. अशा रस्त्यावर माणसाला दूरचे दिसले पाहिजे, मान दोन्हीकडे वळली पाहिजे, ब्रेकवर पाय चटकन पडला पाहिजे. मुडपून आखडलेला पाय चटकन पडत नाही. ताठरलेली मान वळत नाही. हँडल पुरते वळवताना गुडघ्यात अडकले, तर जी गोष्ट शोरूममध्ये हसण्यावारी जाते, ती घोडेगावच्या फाट्यावर जात नाही. गाडी अंगाला बसणे याला नट्टापट्टा समजणाऱ्यांनी एकदा ऊसाच्या ट्रॉलीमागून यावे.

यावर ज्येष्ठ मंडळींचे उत्तर ठरलेले असते. "चाळिशी उलटली, आता स्कूटर घ्या की." सौ.चेही मत तेच. स्कूटरवर पुढे पिशवी राहते, हा तिचा मुद्दा बिनतोड आहे. पण स्कूटर उंच माणसाला बसते हे कोणी सांगितले? वळताना हँडल गुडघ्यावर आदळते, ते तिथेही. आणि चाळिशी उलटली म्हणून देखण्या वस्तूकडे बघायचे नाही, असा नियम असेल तर तो आधी छोट्या बचतीच्या योजनांना लावा. आवडीचा हक्क वयाने जात नाही आणि उंचीने तर नाहीच नाही. उंच माणसालाही कॅफे रेसर मिळाली पाहिजे. फक्त ती त्याच्या मापाने मिळाली पाहिजे.

म्हणून माझ्या लांब पायांच्या बांधवांना चार गोष्टी सांगतो. शोरूममध्ये आकडे वाचू नका, बसा. दोन मिनिटे नव्हे, वीस मिनिटे. पोरगा चुळबुळू लागला तरी बसा. पाय फूटरेस्टवर, हात हँडलवर. गुडघे टाकीच्या खाचेत बसतात की वर येतात, ते बघा. वर आले तर उठा आणि घरी या. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, गुडघ्याला लागते का बघा. हेल्मेट घालून बसा आणि मान न दुखता समोरच्या रस्त्यावरचे कुत्रे दिसते का बघा. मग त्याच घरातल्या ताठ हँडलच्या बहिणीवर बसा आणि कंबरेला विचारा. कंबर खोटे बोलत नाही. सीट जाड करून मिळते का विचारा, कारण सीट बोटभर वर गेली की गुडघा तेवढा उलगडतो. चालवून बघायला मागा, तीही चौकापर्यंत नव्हे, चांगले तासभर. आणि शनिवारी जाऊ नका. शनिवारी लोखंड आणि तेल घेऊ नये, असे आमच्याकडे मानतात आणि मोटारसायकल म्हणजे दुसरे काय असते?

एवढे करून एखादी कॅफे रेसर अंगाला बसली, तर खुशाल घ्या. मीही घेईन. माझी निवड चालू आहे आणि कर्जमंजुरीचे पत्र खिशात आहे. नाही बसली, तर तिला दुरून नमस्कार करा. मात्र तो उभ्याने करा. जी गाडी पहिल्याच दिवशी गुडघे टेकायला लावते, तिच्यापुढे लोटांगण घालण्याइतके आपले पाय काही वर आलेले नाहीत.